लाल चिंधीची बाटली

परवा दिवाळीच्या सुट्टीत आमची नात आली होती. नववीत आहे. न्हाणीघरातून बाहेर आली ती हसतच. म्हणाली, "आजी, ॲसिडच्या बाटलीच्या गळ्यात लाल चिंधी कशाला गं बांधलीयस? बाटलीला काय दृष्ट लागते?"

मीही हसले. पण त्या चिंधीची गोष्ट हसण्यासारखी नाही. घरातल्या माणसांनासुद्धा मी ती कधी पुरती सांगितलेली नव्हती. त्या दुपारी नातीला सांगितली आणि वाटलं, मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगावी. कारण तुमच्या-माझ्या न्हाणीघरात त्या दोन वस्तू आजही शेजारी शेजारी उभ्या असतात.

गोष्ट १९८६ सालची. आम्ही सांगलीला एका वाड्यात भाड्यानं राहत होतो. हे बँकेत, मुलं लहान, घरात सासूबाई. दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि साफसफाई जोरात चालू होती. डबे घासून झाले, जळमटं काढून झाली. राहिली होती मोरी. तिथली शहाबादी फरशी वर्षानुवर्षांच्या पाण्यानं पिवळी-तपकिरी झालेली. दिवाळीला नणंदबाई यायच्या होत्या. त्यांच्या मुंबईच्या लख्ख बाथरूमपुढे आमची मोरी म्हणजे अगदी मान खाली घालायची वेळ!

कामाच्या मावशी अर्धा तास ॲसिड टाकून घासत होत्या. फेस यायचा, पण डाग काही हलेना. तेवढ्यात माझं लक्ष आडात टाकायला आणलेल्या ब्लीचिंग पावडरच्या पुडीकडे गेलं. सकाळीच मी देवाची तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून घासली होती. नुसत्या चिंचेपेक्षा मिठाबरोबर तांबं किती झकास निघतं, हे आपण सगळ्याच जाणतो. मला वाटलं, इथंही तसंच असणार. एकानं होत नाही ते दोघांनी होईल. मी पुडी मावशींच्या हातात दिली आणि म्हटलं, "हीपण टाका त्यावरच. आणि दार लावून घ्या, घाण वास घरभर नको."

दार लावून घ्या म्हणणारी मीच, हे विसरू नका.

दोन मिनिटांत आतून खोकल्याचा आवाज आला. आधी वाटलं, ॲसिडचा ठसका असेल. मग खोकला थांबेचना. दार ढकललं तर डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. आत हिरवट-पिवळा धूर, आणि खाली उकिडव्या बसलेल्या मावशी भिंतीला धरून उठायचा प्रयत्न करताहेत. श्वास घेता येत नव्हता त्यांना. यांनी आणि शेजारच्या भाऊजींनी त्यांना ओढून अंगणात आणलं आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दोन रात्री त्या तिथं होत्या.

डॉक्टरांनी विचारलं, "कुणी मिसळलं हे?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "तिनंच मिसळलं असणार. त्यांना काय कळतंय त्यातलं!" मी खाली बघत उभी राहिले. बोलले नाही. वाड्यातही तेच पसरलं: मावशींनी अडाणीपणानं काहीतरी घातलं आणि भोगलं. मी बी. ए. झालेली बाई, माझ्याकडे कोण बोट दाखवणार?

आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहत. मुलींच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. त्या रात्री जिन्यातच त्यांनी मला गाठलं. "काय काय घातलं होतं, मला नीट सांगा." मी सांगितलं. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही मोरीत क्लोरीन तयार केलात. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मनांनी सैनिकांवर हाच वायू सोडला होता."

त्या 'तुम्ही' म्हणाल्या. 'मावशींनी' म्हणाल्या नाहीत. मला रडू फुटलं.

"शाळेत रसायन नव्हतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. नव्हतं. आमच्या शाळेत मुलींना आठवीपासून निवड होती: एकीकडे पदार्थविज्ञान-रसायन, दुसरीकडे शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र. घरात एकमतानं ठरलं, मुलीला काय करायचीत ती ॲसिडं? आणि बघा गंमत! पुढं जन्मभर ॲसिड, सोडा, साबण, चुना, निळ, खार हेच हाताळत आले. फक्त कुणाचं कुणाशी काय नातं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग आता शिका," बाई म्हणाल्या. "पुस्तक नको. तवा तापवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याच स्वयंपाकघरात माझा पहिला धडा झाला. त्यांनी तव्याच्या एका बाजूला चिमूटभर साखर टाकली, दुसऱ्या बाजूला चिमूटभर मीठ. साखर पाघळली, तांबूस झाली, मग काळी पडून धूर निघाला. मीठ थोडं तडतडलं आणि तसंच पांढरंशुभ्र बसून राहिलं. "का?" त्या म्हणाल्या. मी काय सांगणार? आयुष्यभर दोन्ही डबे शेजारी ठेवले, पण असं विचारलं कधीच नव्हतं.

बाई म्हणाल्या, "मीठ वितळवायचं तर ८०१ अंश सेल्सिअस लागतात. चुलीवरच्या तव्याचं ते काम नाही. दोघांमध्ये फरक आहे तो बंधाचा. अणू एकमेकांना धरून कसे राहतात, त्याचा."

रविवारी त्यांनी मला शाळेच्या प्रयोगशाळेत नेलं. रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवलेला एक धातू काढला. सोडियम. सुरीनं खव्यासारखा कापला गेला. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा त्यांनी लांबूनच पाण्यात टाकला, तर तो फुसफुसत पाण्यावर सैरावैरा धावायला लागला आणि बघता बघता संपला. "मोठा तुकडा टाकला असता तर भडका उडाला असता," त्या म्हणाल्या. "हा असा सोडियम, आणि परवा तुमच्या मोरीत झाला तो क्लोरीन. एक पाण्यात पेटणारा, दुसरा श्वास कोंडणारा. हे दोघं एकत्र आले की काय होतं माहीत आहे? मीठ. आपण आमटीत घालतो ते."

माझा विश्वासच बसेना. मग त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. प्रत्येक अणूभोवती इलेक्ट्रॉन असतात, घरांच्या रांगा असाव्यात तसे. सोडियमकडे अकरा: दोन, आठ आणि बाहेरच्या रांगेत एकटा एक. क्लोरीनकडे सतरा: दोन, आठ आणि बाहेर सात. बाहेरची रांग आठांची भरली की अणू स्वस्थ होतो. सोडियमला एक जास्त, क्लोरीनला एक कमी. सोडियम आपला एक देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो. दिल्यावर सोडियम धन होतो, घेतल्यावर क्लोरीन ऋण होतो, आणि धन-ऋण एकमेकांना घट्ट ओढून धरतात. हा आयनिक बंध. मिठाच्या खड्यात असे धन-ऋण सगळ्या बाजूंनी रचलेले असतात, म्हणून ते तव्याला दाद देत नाही.

साखरेचं तसं नाही. तिच्यात कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन एकमेकांना इलेक्ट्रॉन देत-घेत नाहीत, भागीदारीत ठेवतात. समाईक विहिरीसारखे. हा सहसंयुज बंध. प्रत्येक रेणूच्या आतली भागीदारी पक्की, पण एका रेणूची दुसऱ्यावरची पकड त्या मानानं सैल. म्हणून साखर लवकर पाघळते. आणखी तापवली की आतली भागीदारीही मोडते. मग ती साखर राहतच नाही, कोळसा होतो.

मी पटकन म्हटलं, "म्हणजे संसारासारखंच की! एक देणारा, एक घेणारा, नाहीतर दोघांचं समाईक."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ही उपमा सगळ्याच देतात. पण अणूंना मन नसतं. त्यांना माया नाही की राग नाही. तुमचा हेतू चांगला होता म्हणून क्लोरीन कमी झाला का? तेवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुरे."

आणि मग त्या मूळ मुद्द्यावर आल्या. क्लोरीन आपल्या घरात किती ठिकाणी असतो ते मोजायला लावलं. मिठात आहे. मोरीच्या ॲसिडमध्ये आहे, कारण ते असतं हायड्रोक्लोरिक ॲसिड. तेच ॲसिड आपल्या पोटातही अन्न पचवायला पाझरतं. ब्लीचिंग पावडरमध्येही आहे. मिठात आणि ॲसिडमध्ये क्लोरीनला त्याचा इलेक्ट्रॉन मिळालेला असतो, तिथं तो वायू होऊन उठत नाही. पावडरमध्ये मात्र तो ऑक्सिजनला जोडलेला असतो आणि ती जोडी डळमळीत असते. म्हणून तर ती जंतू मारते आणि कपड्याचा रंग उडवते. त्यात ॲसिड पडलं की ॲसिडमधला हायड्रोजन त्या ऑक्सिजनला धरतो आणि पाणी तयार होतं. पावडरमधला आणि ॲसिडमधला क्लोरीन मग एकमेकांना धरून, जोडीजोडीनं, वायू होऊन बाहेर पडतात. नवा कण एकही जन्माला येत नाही. तेच अणू, फक्त जोड्या बदलतात. रासायनिक क्रिया म्हणतात ती हीच.

"मग मावशींनाच एवढा त्रास का झाला? मी तर दारात होते."

"क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. तो खाली जमिनीलगत साचतो. मावशी उकिडव्या बसून घासत होत्या. त्यात दार बंद. आणि घशा-फुप्फुसातल्या ओलाव्यात तो विरघळला की तिथंच आम्लं तयार होतात, ती आतून जाळतात."

हे ऐकून मी गप्पच झाले. जड वायू खाली बसतो हे ज्ञान झालं. पण आमच्या घरात खाली बसून काम कोण करतं, हेही त्यात आलं.

माझी चिंच-मिठाची समजूतही त्यांनी सोडवून दिली. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळपट थर विरघळवतं, मीठ त्याला मदत करतं. तिथं विषारी काही निघत नाही. ढोकळ्याच्या पिठात लिंबू आणि खायचा सोडा घातला की फसफसतं, तो कार्बन डायऑक्साइड. मोरीत नुसतं ॲसिड टाकल्यावर आलेला फेस, तोही कार्बन डायऑक्साइडच. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. "मळ निघतोय असं तुम्हाला वाटतं," बाई म्हणाल्या, "निघत असतो फरशीचाच थर!" फेस सगळीकडे सारखाच दिसतो. आत काय चाललंय, ते फेस सांगत नाही. ते कळायला कशात काय आहे हे ठाऊक असावं लागतं.

पुढं महिनाभर आमचे असे धडे चालले. गॅस नुसता सोडला तर पेटत नाही, काडी का लागते? तर जुने बंध तोडायला आधी थोडी ऊर्जा द्यावी लागते. नवे बंध जुळताना त्याहून जास्त परत मिळते, आणि त्यातलीच थोडी पुढचे बंध तोडते. म्हणून एकदा काडी लावली की झालं. गॅसमधला कार्बन आणि हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. पाणी? हो, पाणी! गार पाण्याचं पातेलं शेगडीवर ठेवल्याबरोबर बाहेरून ओलसर होतं बघा. मी इतकी वर्षं ते फडक्यानं पुसत होते. ज्योतीत जन्मलेलं पाणी आहे ते, हे माहीत नव्हतं. आणि काही क्रियांना काडीसुद्धा लागत नाही. दोन वस्तू भेटल्या की झालं. आमच्या मोरीतली त्यातलीच.

हळदीचा डाग साबण लागताच लाल का होतो, तेही तेव्हाच कळलं. हळदीतला रंग क्षारात लाल पडतो, लिंबू लावलं की परत पिवळा. जुन्या बायका हळदीपासून कुंकू करायच्या ते याच आधारावर. म्हणजे कपाळावर रसायन लावून आपण म्हणत होतो, मुलीला काय करायचंय रसायन!

मी एकदा म्हटलं, "बाई, या वयात मला हे सगळं शिकवून काय उपयोग?" तेव्हा त्यांनी मला दोघींच्या गोष्टी सांगितल्या. एक जेन मार्सेट. १८०६ सालचं तिचं इंग्रजी पुस्तक, एक बाई दोन मुलींशी गप्पा मारत रसायन शिकवते असं, मुद्दाम स्त्रियांसाठी लिहिलेलं. आपलं नावही तिनं त्यावर घातलं नव्हतं. ते पुस्तक एका पुस्तकबांधणीच्या दुकानातल्या उमेदवार पोराच्या हाती पडलं आणि तो रसायनाकडे ओढला गेला. तो पोरगा म्हणजे मायकेल फॅरडे. आणि दुसऱ्या आपल्या कमलाबाई सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ साली बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. वर्षभर कसोटी पाहण्याच्या अटीवर त्यांना घेतलं गेलं. १९३९ साली त्या केंब्रिजच्या डॉक्टरेट झाल्या. "मी तुम्हाला कमलाबाई व्हायला सांगत नाही," बाई म्हणाल्या. "पण 'आम्हाला काय कळतंय' हे वाक्य तेवढं सोडा. स्वतःबद्दल सोडा आणि दुसऱ्याबद्दलही."

ते 'दुसऱ्याबद्दलही' मला बरोबर लागलं.

तिसऱ्या दिवशी मावशी दवाखान्यातून घरी गेल्या होत्या. पैसे यांनी दिले होते, फळं पाठवली होती. पण मी स्वतः गेले नव्हते. धीरच होत नव्हता. महिना झाला तरी त्या कामावर आल्या नव्हत्या, खोकला पुरता गेला नव्हता. एका संध्याकाळी, सासूबाई देवळात गेल्या असताना, मी त्यांच्या वस्तीत गेले. त्यांनी सतरंजी टाकली, चहाला आधण ठेवलं. मी म्हटलं, "मावशी, चूक तुमची नव्हती. माझी होती. मी सांगितलं म्हणून तुम्ही ते घातलंत. आणि दवाखान्यात मी गप्प बसले."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते मला ठावं हाय की वैनी. पुडी तुमीच दिली न्हवं." चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि म्हणाल्या, "मग आता मलाबी सांगा, काय कशात घालायचं न्हाई ते. म्या सा घरी मोऱ्या घासते."

माफ केलं, नाही केलं, काही नाही. एवढंच.

दिवाळी केव्हाच होऊन गेली होती. कामावर परत आल्या त्या दिवशी मी त्यांना समोर बसवून, मला समजलं होतं तेवढं सगळं सांगितलं. इलेक्ट्रॉन नाही सांगितले. पण कोण कुणाला भेटलं की काय होतं, ते सांगितलं. त्यांना वाचता येत नव्हतं. तेव्हा युक्ती त्यांनीच काढली. माझ्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी फाडून ॲसिडच्या बाटलीला बांधली, आणि पांढरी पावडरच्या डब्याला. "लाल निघालं त्या दिशी पांढरं न्हाई, आन् पांढरं निघालं त्या दिशी लाल न्हाई." पुढं साही घरी त्यांनी तशा चिंध्या बांधल्या. एका घरच्या बाईंनी विचारलं, "हे कुठून शिकलीस?" तर म्हणाल्या, "माजं मीच शिकले." खरंच होतं ते. फी त्यांनीच भरली होती.

सासूबाईंनाही मी सांगितलं, जरा उशिरा. त्या म्हणाल्या, "झालं गेलं कशाला उगाळायचं?" पण त्यानंतर मोरीचं दार मात्र त्यांनी कधी लावू दिलं नाही.

मैत्रिणींनो, आज पुड्या गेल्या आणि रंगीत बाटल्या आल्या, पण आतली द्रव्यं तीच आहेत. संडास साफ करायच्या बऱ्याच द्रावणांत ॲसिड असतं. ते ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या पाण्यात कधीही मिसळू नका. व्हिनेगर आणि लिंबू ही आम्लंच, त्यांनाही हाच नियम. काच पुसायच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. तो ब्लीचला भेटला की क्लोरामाइन नावाचे विषारी वायू होतात. एक वापरलं की भरपूर पाण्यानं धुऊन टाका आणि दुसरं दुसऱ्या दिवशी. बाटलीवरचं वाचा, आणि जी काम करते तिला वाचून दाखवा. दार-खिडकी उघडी ठेवा. चुकून वायू झालाच तर त्यावर आणखी काही ओतत बसू नका. आधी माणसाला मोकळ्या हवेत आणा, डोळे स्वच्छ पाण्यानं बराच वेळ धुवा, डॉक्टरांकडे न्या आणि काय काय मिसळलं होतं ते खरं सांगा. कुणी मिसळलं, तेही.

मावशी आता नाहीत. वरच्या बाईही नाहीत. बाटल्या कितीतरी बदलल्या. पण नवी आणली की मी आधी चिंधी बांधते.

सगळं ऐकून नात थोडा वेळ गप्प होती. मग दप्तरातून पुस्तक काढलं. "आजी, परीक्षेला आयनिक बंध आहे. सोडियम आणि क्लोरीनचं मला नीट समजलेलंच नाही."

मी गॅसवर तवा ठेवला आणि साखर-मिठाचे डबे खाली काढले.